ग्रॅम मोजायचे की दिवस?

घरी तुमच्या जन्माचा विषय निघाला की वजनाचा आकडा येतोच. "जेमतेम दोन किलोची होतीस!" आता आईला पुढचा प्रश्न विचारा: दिवस भरले होते का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पण डॉक्टरांनी कित्येक वर्षं ते एकच मानले.

१९१९ मध्ये फिनिश बालरोगतज्ज्ञ आर्वो युलप्पो यांनी २,५०० ग्रॅमची रेघ आखली: त्याखालचं बाळ अपुऱ्या दिवसांचं. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तीच उचलली. सोयीची होती ना! वजनकाटा हाताशी असतो, शेवटच्या पाळीची तारीख सगळ्यांनाच आठवत नाही. पण नऊ महिने पोटात राहूनही वारेतून पुरेसं पोषण न मिळालेलं बाळ त्याच गठ्ठ्यात गेलं. त्याची फुफ्फुसं बहुधा तयार असतात. भीती असते ती रक्तातली साखर घसरण्याची. ती फार घसरून झटके आले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणजे शिक्का चुकला की लक्षही भलतीकडेच.

उत्तर बाळाच्या हातापायांत सापडलं. पॅरिसमध्ये आंद्रे-थॉमस आणि सुझान सँत-आन दार्गासी यांनी नवजात बाळांच्या स्नायूंचा ताण बारकाईने तपासला. फार लवकर आलेलं बाळ हातपाय सैल सोडून पडतं, दिवस भरलेलं मुटकुळं करून. आणि (मला यातलं हेच सर्वांत आवडतं) वजन कमी असलं तरी हा ताण बहुतांशी आठवड्यांनुसारच वाढतो. १९६१ मध्ये संघटनेने 'अपुऱ्या दिवसांचं'ऐवजी 'कमी वजनाचं' हा शब्द सुचवला. १९७० मध्ये लिली आणि व्हिक्टर दुबोविट्झ यांनी सिसी गोल्डबर्ग यांच्यासोबत गुणतक्ता प्रसिद्ध केला. त्यातली एक खूण: बाळाचा हात उपरण्यासारखा गळ्याभोवती ओढायचा. कोपर छातीच्या मधल्या रेषेपलीकडे सहज गेलं, तर बाळ लवकर आलेलं. यंत्र नको, काही नको.

आपल्याकडे हा फरक फार मोलाचा. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत पाहिलं, तर दिवस भरलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला ३.५.

पोषण कमी पडलं की गर्भ जास्त रक्त मेंदूकडे वळवतो; म्हणून अंग किडकिडीत आणि डोकं मोठं दिसतं. याला 'ब्रेन स्पेअरिंग' म्हणतात. नाव जरा फसवंच, कारण मेंदू पूर्ण वाचतो असं नाही. अशा मुलांच्या गटात पुढे शिकण्याच्या आणि लक्ष लागण्याच्या अडचणी सरासरीने थोड्या जास्त दिसतात. गटात, बरं का. एकट्या बाळाचं भविष्य त्यावरून सांगता येत नाही.