रकाना बदलला की माणसं कमी होतात

केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जातनिहाय जनगणनेचा निर्णय जाहीर केला आणि चळवळीतल्या अनेकांना वाटलं, लढाई जिंकली. १६ जूनला अधिसूचना निघाली. १ मार्च २०२७ हा या जनगणनेचा संदर्भ दिनांक ठरला असून प्रगणक कागदाऐवजी मोबाइल ॲपवर माहिती भरणार आहेत. आमचं म्हणणं असं आहे की खरी लढाई आता कुठे सुरू होते आहे.

जनगणनेत दोन कामं असतात. पहिलं, घरोघरी जाऊन माणूस सांगेल ते लिहून घेणं. दुसरं, त्या लिहिलेल्या मजकुराला सांकेतिक क्रमांक देऊन त्याचे तक्ते बनवणं. संगणकवाले याला डेटा एका फॉरमॅटमधून दुसऱ्या फॉरमॅटमध्ये नेणं म्हणतात. पहिलं काम आपल्या दारात होतं, म्हणून आपण त्यावर लक्ष ठेवतो. दुसरं काम कार्यालयाच्या बंद खोलीत होतं आणि तिकडे कोणी फिरकत नाही. मोजलेली माणसं हरवतात ती याच खोलीत. हा आरोप नाही, इतिहास आहे.

चिठ्ठ्या आणि खण

१९०१ च्या जनगणनेत भारतात चिठ्ठ्यांची पद्धत आली. प्रगणकाच्या मोठ्या तक्त्यातली प्रत्येक माणसाची माहिती एका छोट्या चिठ्ठीवर उतरवायची. धर्मानुसार चिठ्ठीचा रंग वेगळा. मग कारकुनांनी त्या चिठ्ठ्या खणाखणांत टाकायच्या आणि मोजायच्या. आज स्प्रेडशीटमध्ये एका क्लिकवर होतं ते सॉर्टिंग तेव्हा हातांनी व्हायचं. आपली चिठ्ठी कोणत्या खणात पडणार, हे माणसाच्या हातात नव्हतं. ज्याने खणांची यादी केली, त्याच्या हातात होतं.

ही यादी किती निर्णायक असते, ते १९३२ साली उघड झालं. मताधिकाराची चौकशी करायला लोथियन समिती आली. अस्पृश्यांना किती प्रतिनिधित्व मिळणार, हे त्यांच्या संख्येवर ठरणार होतं. संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या भागात, ही संख्या सुमारे १ कोटी २६ लाख धरली जात होती. तिथल्या प्रांतिक समितीने ती ६ लाखांवर आणून ठेवली. बंगालमध्येही हाच प्रकार झाला. एवढी माणसं काही रातोरात सवर्ण झाली नव्हती. अस्पृश्य कोणाला म्हणायचं, ती कसोटी तेवढी बदलली होती. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. त्यांनी १ मे १९३२ रोजी स्वतंत्र टिपण सादर केलं आणि कसोटीच्या प्रश्नावरच बोट ठेवलं. आकड्यांवर वाद घालायचा असेल तर आधी व्याख्येवर घालावा लागतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

पुढे १९३६ साली अनुसूचित जातींची यादी निघाली. खणाला कायद्याचं बळ मिळालं. १९४१ च्या जनगणनेत जात विचारली गेली, पण युद्धकाळात खर्चाचं कारण पुढे आलं आणि अखिल भारतीय जातीचे तक्ते तयारच झाले नाहीत. लोकांनी सांगितलं, प्रगणकांनी लिहिलं, आणि ते तिथेच राहिलं. १९५१ पासून अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकीच्यांची जात मोजणं बंद झालं. म्हणून मंडल आयोगाला १९८० साली ओबीसींचं प्रमाण काढताना थेट १९३१ च्या आकड्यांचा आधार घ्यावा लागला आणि त्यावरून ५२ टक्क्यांचा अंदाज आला. एका तक्त्याची गाळलेली पायरी पुढच्या पिढ्यांना अशी भोवते.

बौद्धांचा रकाना

आता आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले. त्याच वर्षी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात जवळपास २७ लाख ९० हजार बौद्ध नोंदले गेले. दहा वर्षांपूर्वी ही संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. पण ज्यांनी धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलं, ते त्याच क्षणी अनुसूचित जातीच्या रकान्यातून बाहेर पडले. वस्ती तीच, विहीर तीच, विहिरीवर अडवणारेही तेच. महाराष्ट्र सरकारने १९६० मध्ये नवबौद्धांना सवलती दिल्या, तरी जनगणनेचा नियम केंद्राचाच राहिला.

१९९० साली कायदा बदलला आणि बौद्धांचा समावेश झाला. त्याचा परिणाम पाहा. १९८१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचं प्रमाण ७.१४ टक्के होतं. १९९१ मध्ये ते ११.०९ टक्के झालं. दहा वर्षांत कुठल्याही समाजाची लोकसंख्या अशी उडी मारत नाही. उडी नियमाने मारली. म्हणजे १९६१ ते १९९१ एवढा काळ लाखो माणसं हयात होती, मोजलीही गेली होती, फक्त योग्य रकान्यात नव्हती. आणि संसद, विधानसभेच्या राखीव जागा याच रकान्याच्या बेरजेवर ठरतात.

४६ लाख जाती

२०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेत प्रगणकांनी टॅबलेटवर माहिती भरली. लोकांनी सांगितलं तसं जातीचं नाव टाइप झालं. जातींची सांकेतिक यादी आधी केलेलीच नव्हती. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं: १९३१ मध्ये ४,१४७ जाती होत्या, या गणनेत ४६ लाखांहून अधिक निघाल्या, म्हणून हा डेटा वापरण्याजोगा नाही.

४६ लाख जाती आल्या कुठून? वस्तीत शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला हे विचारा. एकाच भावकीत एकाच्या दाखल्यावर महार, दुसऱ्याच्या हिंदू महार, तिसऱ्याच्या नवबौद्ध, चौथ्याच्या बौद्ध असतं. त्यात कोणी आडनाव सांगतो, कोणी कूळ, कोणी पोटजात. टाइप करणारा एखादी वेलांटी चुकवतो. माणसाला हे सगळं एकच कळतं. संगणकाला अक्षर वेगळं की जात वेगळी. यावर उपाय जगभर माहीत आहे: प्रत्येक जातीला एक क्रमांक द्यायचा आणि तिची सगळी रूपं त्या क्रमांकाला जोडायची. काम कष्टाचं आहे, अशक्य नाही. जुलै २०१५ मध्ये सरकारनेच संसदेत सांगितलं होतं की जातीच्या तपशिलात आढळलेल्या सुमारे ८.१९ कोटी चुकांपैकी ६.७३ कोटी दुरुस्त झाल्या आहेत. बिहारने तर २०२३ च्या सर्वेक्षणात आधीच जातींना क्रमांक दिले आणि २ ऑक्टोबरला आकडे जाहीरही केले. मग प्रश्न तंत्राचा होता की इच्छेचा?

महाराष्ट्रातली गंमत त्याहून मोठी. स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणासाठी हा डेटा मागणारी राज्याची याचिका डिसेंबर २०२१ मध्ये फेटाळली गेली. मग बांठिया आयोगाने २०२२ साली मतदारयाद्यांतल्या आडनावांवरून ओबीसी ओळखण्याचा मार्ग धरला आणि ओबीसी ३७ टक्के असल्याचं सांगितलं. आता जाधव, पवार, मोरे, गायकवाड, शिंदे ही आडनावं कोणत्या जातीची? मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, भटक्यांत आहेत, ओबीसींत आहेत. आडनावाच्या रकान्यावरून जातीचा रकाना भरणं म्हणजे फॉरमॅट बदलताना नसलेली माहिती घुसवणं. ओबीसी नेत्यांनी यावर आक्षेप घेतला तो रास्तच होता.

आपण काय मागायचं

२०२७ साठी आमच्या तीन मागण्या आहेत. एक, जातींची सांकेतिक यादी मोजणीपूर्वी मराठीतून जाहीर करा आणि तिच्यावर हरकती घ्या. दोन, माणसाने सांगितलेलं मूळ उत्तर क्रमांकासोबत जपून ठेवा. क्रमांक चुकला तर मूळ शब्दाकडे परत जाता आलं पाहिजे. मूळ पुसलं की दाद मागायची जागाच उरत नाही. तीन, कोणता शब्द कोणत्या खणात टाकला, ते नियम आणि अंतिम तक्ते खुले करा. तेही स्कॅन केलेल्या फोटोंच्या स्वरूपात नको, कोणत्याही तरुणाला संगणकावर तपासता येतील अशा फायलींत.

आणि एक आपल्यासाठी. २०११ मध्ये महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध होते, त्यातले अनुसूचित जातीत नोंदले गेलेले सुमारे ५२ लाख. जो जातीच्या रकान्यातही बौद्ध एवढंच सांगतो, तो अनुसूचीतल्या नावांत बसत नाही. आमचे काही मित्र म्हणतात, जात सोडली तर मग लिहायची कशाला? त्यांची तळमळ खरी आहे. पण जात मानणं वेगळं आणि जातीने केलेल्या अन्यायाचा हिशेब ठेवणं वेगळं. हिशेबाची वहीच फाडली तर वसुली कशाच्या आधारावर मागणार? म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे: धर्माच्या रकान्यात ठामपणे बौद्ध, आणि जातीच्या रकान्यात अनुसूचीत असलेलं नाव.

बाबासाहेबांनी १९३२ मध्ये आकड्यांची ती लढाई जवळपास एकट्याने लढली. आज आपल्या हजारो मुलामुलींना स्प्रेडशीट येते, कोडिंग येतं. मोर्चात घोषणा देणारे आपल्याकडे कमी नाहीत. आता तक्ता उघडून त्यातला हरवलेला माणूस शोधणारेही हवेत. प्रत्येक वस्तीत असे दोघे-तिघे उभे राहिले, तर २०२७ ची ती खोली बंद राहणार नाही.

जयभीम!