ऐकणाऱ्याच्या दारी

आजाऱ्यांना आणि वृद्धांना संगीत ऐकवावे, हा विचार जुनाच. अडते ते एवढ्यावरच, की गवयाची बिदागी कोणी द्यायची? या उपक्रमाचा इंग्लंडातला इतिहास चाळताना मला हाच प्रश्न पुन्हापुन्हा भेटत गेला.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली शुश्रूषेवर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात संगीताचा ओझरता उल्लेख आहे. फुंकून वाजवायची वाद्ये, माणसाचा गळा आणि ज्या तंतुवाद्यांतून स्वर अखंड वाहतो ती वाद्ये रोग्याला मानवतात. पियानोचा सूर तुटक, म्हणून तो मानवत नाही, असे बाईंचे निरीक्षण. या न्यायाने आपली बासरी आणि सारंगी उत्तीर्ण होतात आणि सतार नापास! सतारियांनी राग मानू नये. पण लगोलग बाई हेही सांगून टाकतात की, संगीत इतके खर्चाचे आहे की त्याची सरसकट सोय करणे अशक्यच.

पुढे १८९१ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेचे एक धर्मोपदेशक फ्रेडरिक हारफर्ड यांनी सेंट सिसिलियाच्या नावाने एक संघ काढला आणि गायक-वादकांना इस्पितळांत पाठवले. एका ठिकाणी गाऊन ते टेलिफोनवरून अनेक इस्पितळांत पोचवावे, असाही त्यांचा बेत होता. कल्पना मोठी, पण पैशाचे पाठबळ तोकडे. संघ फार काळ तग धरू शकला नाही.

या प्रश्नाला निराळे वळण दिले ते यहुदी मेन्युहिन यांनी. रविशंकरांचे स्नेही म्हणून हा व्हायोलिनवादक आपल्या ओळखीचा आहे. जुलै १९४५ मध्ये, म्हणजे बेर्गेन-बेल्सनची छळछावणी मुक्त होऊन तीन महिने झाले असताना, ते तिथल्या वाचलेल्या माणसांसमोर वाजवायला गेले. पियानोच्या साथीला होते बेंजामिन ब्रिटन. श्रोत्यांत अनिता लास्कर ही तरुणी होती. आउश्वित्झमध्ये नाझींच्या हुकमाखाली तिला चेलो वाजवावा लागला होता. या मैफलीविषयी तिने पत्रात लिहिले, तेव्हा तिने मनापासून दाद दिली ती त्या साथीदाराला. त्याचे नाव तिला ठाऊक नव्हते. मला हे फार मोलाचे वाटते. एवढे भोगूनही तिचा कान रसिकाचाच राहिला होता.

पुढे १९७७ साली मेन्युहिन आणि इयन स्टाउट्झकर यांनी ‘लाइव्ह म्यूझिक नाउ’ ही संस्था स्थापन केली. स्टाउट्झकर पेशाने बँकर, पण व्हायोलिन शिकलेले. त्यांचा हिशेब सरळ होता. संगीतशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणाजवळ विद्या असते, पण काम नसते. वृद्धनिवासातल्या आजीबाईंजवळ कान असतात, पण सभागृहापर्यंत नेणारे पाय नसतात. तेव्हा तरुणाला पारखून घ्यावे, तयार करावे, त्याला रीतसर मानधन द्यावे आणि आजींच्या दारी पाठवावे. तिथे श्रोता हातभर अंतरावर असतो. तो दमला की लय उतरवायची, एखाद्या गाण्यावर त्याचे ओठ हलू लागले की तेच पुन्हा धरायचे. विस्मरणाच्या विकाराने ज्यांच्या तोंडची नावेसुद्धा पुसली गेली, त्यांच्याही ओठांवर पुष्कळदा तरुणपणीच्या गाण्याचे शब्द येतात. ध्वनिमुद्रिकेला हे ओठ दिसत नाहीत.

माझी एक मावशी शेवटची काही वर्षे वृद्धाश्रमात होती. दर दिवाळीला तिथे कोणते ना कोणते मंडळ येई, फराळाचे पुडे वाटी, दोन भजने घाईने उरकी आणि छायाचित्र काढून निघून जाई. एका वर्षी गायला गाणे शिकणारी एक मुलगी आली. मावशी मागच्या खुर्चीतून म्हणाली, “बाळ, पट्टी जरा खाली घे, आणि घाई करू नकोस. आम्हांला कुठं जायचं नाहीये.” पोरगी क्षणभर गोंधळली. मग तिने पेटीवर नवा षड्ज धरला आणि तेच भजन चांगले पंधरा मिनिटे गायली. संपल्यावर मावशीने बटव्यातून अकरा रुपये काढून तिच्या हातावर ठेवले. ती घेईना, तर मावशी रागावली.

मेन्युहिन १९९९ साली गेले. त्यांची संस्था मात्र चालू आहे. तिचे तरुण वादक आजही वृद्धनिवासांत जातात. त्यांच्या मानधनासाठी देणग्या आणि अनुदाने मात्र तिला अजूनही गोळा करावी लागतात.