देशमुख

परगण्याच्या वंशपरंपरागत वतनदार प्रमुखाचे पदनाम, पुढे आडनाव. 'देश' आणि 'मुख' या दोन संस्कृत शब्दांचा हा समास. येथे 'देश' म्हणजे परगण्याएवढा मुलूख आणि 'मुख' म्हणजे अग्रभागी असणारा. इंग्रजीतील 'हेडमन' हा शब्दही मस्तकावरूनच घडला, पण तो गावप्रमुखाला, म्हणजे आपल्या पाटलाला, लागू पडतो. देशमुखाचा अधिकार अनेक गावांवर असे. सारावसुलीवर देखरेख करणे आणि तंटे मिटवणे ही त्याची कामे. हिशेब देशपांडे ठेवी. मोबदल्यात इनाम जमीन व वसुलीतील हक्क मिळत. वतन वाटून घेता येई, विकताही येई. त्यामुळे देशमुखीसाठी भाऊबंदकीचे कज्जे पिढ्यान्‌पिढ्या चालले. 'देशमुखी'वरूनच 'सरदेशमुखी' हा शब्द आला. दक्षिणेतील सहा सुभ्यांतून हा दहा टक्के हक्क घेण्याची सनद मराठ्यांना 1719 मध्ये मिळाली.

मराठवाडा 1948 पर्यंत निजामी राज्यात होता. तेथे निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याच्या जिल्हाबंदीने, म्हणजे जिल्हावार महसूल व्यवस्थेने, वसुली सरकारी तहसीलदारांकडे गेली आणि देशमुखांना 'रुसूम' ही रोख रक्कम उरली. पदामागची सत्ता खरी तेव्हाच संपली. मराठवाड्यात देशमुख हे आडनाव आजही एकाहून अधिक जातींत आढळते.