शाश्वत विकास : पुढची पिढी आणि शेजारचं गाव

शाश्वत विकासाची व्याख्या आज दहावीचा विद्यार्थी घडाघडा म्हणून दाखवतो. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता आजच्या गरजा भागवणारा विकास. १९८७च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालातली ही व्याख्या. पण तो अहवाल लगेच पुढे सांगतो की, गरजा म्हणजे विशेषतः गरिबांच्या मूलभूत गरजा, आणि अग्रक्रम त्यांना द्यायचा. हा भाग वर्गापर्यंत बहुधा पोहोचतच नाही.

आपल्याला तो परका वाटायचं कारण नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. शाळेत शेतीचं प्राथमिक ज्ञान द्या, आरोग्याचे धडे द्या, प्रत्यक्ष शिकवण्यासाठी छोटी नमुना शेती ठेवा, असं त्यांनी मागितलं. पुढच्याच वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये माती आणि पाणी शेतातच मुरावं म्हणून ताली-बंधारे बांधण्याचा उपाय त्यांनी मांडला. माती वाचवणं आणि शेतकरी वाचवणं हे त्यांच्या लेखी एकच काम होतं.

मग २० मार्च १९२७. महाडचं चवदार तळं. तळ्यात पाणी होतं, कायदे मंडळाचा ठरावही होता, तरी ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पाणी आहे किती, हा एक प्रश्न; ते कुणाला मिळतं, हा दुसरा. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती याच येवल्यात. तिच्यामागे मंदिरप्रवेशाइतकाच पाणवठ्यांचाही अनुभव होता, हे विसरू नये.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीचा करण्यास सांगितलं. महाराष्ट्रात नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ आला. चांगलं झालं. पण तो श्रेणीचा विषय. आणि श्रेणीचा विषय म्हटला की प्रकल्पवही आदल्या रात्री पूर्ण होते, हे आपण सगळे जाणतो!

आता आपला तालुका बघा. पश्चिमेकडच्या गावांना पालखेडच्या कालव्याचं पाणी. ईशान्येकडच्या गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट. दोन्हीकडची मुलं एकाच इयत्तेत, एकच पुस्तक वाचतात. टँकरच्या गावातल्या मुलीला ‘पाणी जपून वापरा’ हे काय शिकवणार? ती दोन हंड्यांत घर चालवते. शिकायचं असेल तर आपण तिच्याकडून.

म्हणून शिक्षकांना एवढीच विनंती आहे. दोन्हीकडच्या शाळांनी वर्षभर विहिरींची पातळी, कालव्याची आवर्तनं, टँकरच्या खेपा यांची नोंद ठेवावी आणि मार्चमध्ये त्या वह्या एकमेकींना द्याव्यात. मुलं स्वतःच विचारतील, असं का? त्या प्रश्नाला उत्तर देताना आपली थोडी अडचण होईल. होऊ द्या. न जन्मलेल्या पिढीची काळजी करायला आपण मुलांना शिकवतो. मग शेजारच्या गावातल्या, आज तहानलेल्या मुलाची काळजी अभ्यासक्रमाबाहेर कशी राहील?