केंब्रिजची प्रश्नपत्रिका आणि बहुचल कलनशास्त्राचा विद्यार्थी

प्रास्ताविक :
पदवी अभ्यासक्रमात ग्रीन आणि स्टोक्स यांची प्रमेये सामान्यतः बहुचल कलनशास्त्राच्या अखेरच्या प्रकरणात येतात. विधान, सिद्धता व उदाहरणे या क्रमाने ती शिकविली जातात आणि विद्यार्थ्यास ती प्रथमपासूनच पूर्णावस्थेत असल्यासारखी वाटतात. ही प्रमेये आकारास येत असताना विद्यार्थ्यांचा त्यांच्याशी कोणता संबंध आला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्रीनचा निबंध :
नॉटिंगहॅमजवळील पवनचक्कीमालक जॉर्ज ग्रीन (१७९३–१८४१) यास बालपणी जेमतेम वर्षभर शालेय शिक्षण मिळाले. १८२८ मध्ये त्याने विद्युत व चुंबकत्वाच्या गणिती विश्लेषणावरील निबंध वर्गणीदारांच्या आधारे छापला. वयाच्या चाळिशीत, १८३३ मध्ये, तो केंब्रिजमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाला आणि १८३७ च्या ट्रायपॉस परीक्षेत चौथा रँग्लर ठरला. निबंध मात्र दुर्लक्षितच राहिला. विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यास विद्यार्थीदशेत या निबंधाचा केवळ उल्लेख आढळला होता. प्रत मिळत नव्हती. १८४५ मध्ये तो दुसरा रँग्लर झाला. त्यानंतर पॅरिसला निघण्याच्या सुमारास त्याचे शिक्षक हॉपकिन्स यांच्याकडेच प्रती असल्याचे उघड झाले. शिकवणीचा निकटचा संबंध असूनही मूळ ग्रंथ परीक्षा संपल्यावरच विद्यार्थ्याच्या हाती पडला, ही बाब लक्षणीय आहे. थॉमसनच्या प्रयत्नांमुळे हा निबंध १८५० पासून क्रेल यांच्या नियतकालिकात पुनर्मुद्रित झाला.

प्रश्नपत्रिकेतील प्रमेय :
२ जुलै १८५० रोजी थॉमसनने स्टोक्स यांना लिहिलेल्या पत्रात पृष्ठभागावरील समाकल आणि त्या पृष्ठाच्या सीमेवरील समाकल यांचा संबंध नमूद केला. १८५४ मध्ये स्टोक्स यांनी तोच संबंध स्मिथ पारितोषिकाच्या परीक्षेत प्रश्न म्हणून घातला. परीक्षार्थींत जेम्स क्लार्क मॅक्सवेल होता. पारितोषिक त्यास व राऊथ यास समान विभागून मिळाले. या प्रमेयाची सिद्धता हांकेल यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे विद्यार्थ्यांपुढे आलेला प्रश्न त्या वेळी कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता. १८७३ च्या विद्युतचुंबकीय ग्रंथात मॅक्सवेलने हे प्रमेय वापरताना त्या प्रश्नपत्रिकेचा निर्देश केला.

निष्कर्ष :
महाराष्ट्रात ‘रँग्लर’ हा शब्द परिचित झाला तो याच परीक्षापद्धतीमुळे. १८९९ मध्ये र. पु. परांजपे संयुक्तपणे सीनिअर रँग्लर झाले व १९०२ पासून फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. ट्रायपॉसची गुणानुक्रमे यादी १९०९ नंतर बंद झाली. ती पद्धत पाठांतरास व स्पर्धेस पोषक होती, हा आक्षेप रास्तच आहे. तथापि त्याच व्यवस्थेतील एका परीक्षकाने विद्यार्थ्यास अप्रकाशित प्रमेयापुढे उभे केले आणि त्या विद्यार्थ्याने एकोणीस वर्षांनी त्याचा उपयोग भौतिकशास्त्राच्या पायाभरणीत केला. प्रश्नपत्रिका ही केवळ मोजमापाचे साधन नसून अध्यापनाचाही भाग असते. तसेच अध्यापकाच्या कपाटातील ग्रंथ विद्यार्थ्यापर्यंत वेळेवर पोहोचणे हे अभ्यासक्रमाइतकेच महत्त्वाचे असते, असे या इतिहासावरून दिसून येते.