फ्रॅपे बेंच

फ्रॅपे बेंच ही फ्रॅपे फ्रेमवर्कवर रचलेली वेब ॲप स्वतःच्या सर्व्हरवर बसवण्यासाठी व अद्ययावत ठेवण्यासाठी वापरली जाणारी मुक्त स्रोत आज्ञावली आहे. मुंबईतील फ्रॅपे टेक्नॉलॉजीज ही कंपनी ती विकसित करते. रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीचे पूर्वीचे नाव वेब नोट्स टेक्नॉलॉजीज असे होते. हिशेब, मालसाठा व विक्री सांभाळणारे ईआरपीनेक्स्ट हे तिचे सर्वांत परिचित ॲप होय.

रचना

बेंच म्हणजे मुळात सर्व्हरवरील एक फोल्डर. त्यातील 'ॲप्स' या भागात कोड असतो, तर 'साइट्स' या भागात प्रत्येक संकेतस्थळाच्या फायली. 'गेट-ॲप' ही आज्ञा गिट भांडाराचा पत्ता घेऊन तेथील कोडची प्रत सर्व्हरवर उतरवते. 'न्यू-साइट' नवे संकेतस्थळ व त्याचा स्वतंत्र डेटाबेस, बहुधा मारियाडीबीचा, तयार करते. 'इन्स्टॉल-ॲप' या दोहोंची सांगड घालते. कोणती आवृत्ती घ्यायची हे भांडारातील शाखेवरून ठरते. पनवेलजवळ पळस्पे फाट्याला गोव्याची वाट पुण्याच्या रस्त्यापासून वेगळी होते, तशी मूळ कोडपासून शाखा फुटते. फरक इतकाच, की शाखा पुन्हा मुळात विलीन करता येते.

एका बेंचवर अनेक संकेतस्थळे नांदू शकतात. त्यांचा कोड सामाईक असल्याने एकासाठी केलेला बदल सर्वांनाच लागू होतो. म्हणून नवी आवृत्ती आधी वेगळ्या बेंचवर पडताळणे श्रेयस्कर.

अद्ययावत करणे

'अपडेट' ही आज्ञा डेटाबेसची राखीव प्रत घेते, भांडारातून नवा कोड ओढते, डेटाबेसची रचना त्यानुसार बदलते आणि सेवा पुन्हा सुरू करते. एवढे काम एका आज्ञेत होत असल्याने तिचे गांभीर्य सहसा ध्यानात येत नाही. बिघाड झाल्यास गिटमुळे कोड मागच्या आवृत्तीवर नेता येतो. बदललेला डेटाबेस मात्र राखीव प्रतीवाचून पूर्ववत होत नाही. ही प्रत मुळात त्याच सर्व्हरवर, संकेतस्थळाच्या 'प्रायव्हेट' फोल्डरात साठते. डिस्क निकामी झाल्यास मूळ व प्रत दोन्ही जातात. त्यामुळे ती नियमितपणे अन्यत्र हलवावी लागते. जोडलेल्या फायलींसाठी 'बॅकअप' आज्ञेला 'विथ-फाइल्स' हा पर्याय स्वतंत्रपणे द्यावा लागतो. संकेतस्थळाच्या 'साइट कॉन्फिग' फायलीतील कूटकळही जपावी लागते. ती हरवल्यास ईमेल खात्यांचे साठवलेले पासवर्ड उलगडत नाहीत व पुन्हा भरावे लागतात.