लांकडी चौकटीची मोटार

रेल्वे स्टेशनावर उतरलेले प्रवासी व त्यांचें सामान मुक्कामीं पोंचविण्यासाठीं अमेरिकेंत जी मोटार वापरीत, तिलाच पुढें ‘स्टेशन वॅगन’ हें नांव पडलें. आरंभीं तिचा मागील भाग लांकडाचा असे. फोर्ड कंपनीनें १९२९ सालीं अशा गाड्या मोठ्या प्रमाणावर काढल्या. पुढें पोलादी पत्रा आला व लांकूड मागें पडलें.

इंग्लंडांत मात्र १९५३ सालीं निघालेल्या मॉरिस मायनर ट्रॅव्हलरनें तें १९७१ पर्यंत टिकविलें. तिची ॲश नामक वृक्षाच्या लांकडाची चौकट केवळ शोभेची नव्हे. मागील छपराचा व पत्र्यांचा भार तीच वाहते. सांध्यांत पाणी मुरलें कीं लांकूड काळें पडून कुजतें. मग वरून रोगण चढवून भागत नाहीं. अशी गाडी वार्षिक तपासणींत नापास होई. २०१८ पासून चाळीस वर्षांवरील बहुतेक गाड्यांस ती तपासणी सक्तीची राहिली नाहीं. जबाबदारी मात्र मालकाचीच राहिली.

म्हणून तेथील कित्येक हौशी गृहस्थ घरींच तिची पुनर्रचना करतात. नवी चौकट तयार मिळते. परंतु ती बसविण्यापूर्वीं खालचें गंजलेलें पोलाद दुरुस्त करावें लागतें. तळ वांकडा राहिला, तर मागचीं दारें नीट लागत नाहींत. सुताराची व लोहाराची, दोन्ही विद्या एकाच मनुष्यास शिकाव्या लागतात.

सगळें लांकूड बदलल्यावर जुनें काय उरलें, असें कोणी विचारील. उरते ती सांधा जुळविण्याची रीत. कारखान्यानें ती सोडली. घरांनीं ती राखली.